क्रेडेन्शियलिंगवरून क्लेम परत येतात तेव्हा: अपिलाआधी तारखा जुळवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहणारे एक गृहस्थ लिहितात: पत्नी इंटर्नल मेडिसिनची डॉक्टर. सात वर्षं एका मोठ्या ग्रुपमध्ये नोकरी केली आणि ६ जानेवारीला स्वतःचं क्लिनिक उघडलं. हे स्वतः आयटीतले, त्यामुळे बिलिंगचं सॉफ्टवेअर यांनीच बसवलं, क्लेमही (विमा कंपनीकडे पाठवायची बिलं) हेच पाठवतात. मे उजाडला तोवर शंभरावर क्लेम परत आले. मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा) 'सीओ-बी७' या नकाराच्या कोडखाली, एका खासगी कंपनीचे 'आउट-ऑफ-नेटवर्क' (कंपनीशी करार नसलेली डॉक्टर) म्हणून, आणि दुसरी कंपनी तर 'अर्ज प्रक्रियेत आहे' यापलीकडे काही बोलतच नाही. "डॉक्टर तीच, लायसन्स तेच, एनपीआय (डॉक्टरांना आणि संस्थांना मिळणारा ओळख क्रमांक) तोच. जुन्या ग्रुपमध्ये ती या सगळ्यांच्या नेटवर्कमध्ये होती. मग बदललं काय? अपिलाचं पत्र कसं लिहू? ओळखीचे एक डॉक्टर म्हणतात, काम होईपर्यंत माझ्या नावावर क्लेम टाका. ते चालेल का?"

शेवटच्याचं उत्तर आधी देते: नाही चालणार. का, ते पुढे सांगते, पण तोवर एकही क्लेम तसा पाठवू नका.

माझ्याबद्दल दोन ओळी. २००६ मध्ये पुण्यात रात्रपाळीत एआर कॉलर म्हणून लागले. म्हणजे रात्री अमेरिकेतल्या विमा कंपन्यांना फोन लावून "आमचा क्लेम का अडला" हे विचारायचं. आता बरीच वर्षं टेक्सासमध्येच आहे आणि एक-दोन डॉक्टरांच्या छोट्या क्लिनिकांचं बिलिंग आणि क्रेडेन्शियलिंग बघते. तुमच्यासारखं प्रकरण वर्षातून चार-पाचदा तरी समोर येतं, आणि नवरा आयटीतला असेल तर हमखास येतं. रागावू नका. सॉफ्टवेअर नीट बसवलं की क्लेम नीट जातील असं वाटणं साहजिक आहे. पण तुमचे क्लेम चुकलेलेच नाहीत. ते ज्या दारात गेले, तिथे आत तुमच्या क्लिनिकची नोंद नव्हती, एवढंच.

"डॉक्टर तीच, मग बदललं काय" हा तुमचा खरा प्रश्न आहे. विमा कंपनीच्या दप्तरी डॉक्टर एकटी कधीच नसते. तिथे तीन गोष्टींची गाठ मारलेली असते: डॉक्टरचा वैयक्तिक एनपीआय, ज्या संस्थेच्या नावे पैसे जायचे तिचा टॅक्स आयडी आणि संस्थेचा एनपीआय, आणि पेशंट जिथे तपासला तो पत्ता. तुमच्या पत्नीचा एनपीआय जुन्या ग्रुपच्या टॅक्स आयडीला बांधलेला होता. ती बाहेर पडली तशी ती गाठ सुटली. नव्या पीएलएलसीला, म्हणजे तुमच्या क्लिनिकच्या कंपनीला, ती आपोआप लागत नाही. क्लेमच्या फॉर्मवर, म्हणजे सीएमएस-१५०० वर, हे तिन्ही वेगवेगळ्या रकान्यांत असतं: २४-जे मध्ये डॉक्टरचा एनपीआय, २५ मध्ये टॅक्स आयडी, ३२ मध्ये जागा, ३३ मध्ये बिल करणारी संस्था. संगणक चारही रकाने एकत्र ताडून बघतो. एक जरी जुळला नाही तरी त्याच्या लेखी ही कोणीतरी परकी डॉक्टर.

दुसरा घोळ शब्दांचा. सगळे जण सरसकट 'क्रेडेन्शियलिंग' म्हणतात, पण त्यात तीन वेगळी कामं आहेत आणि ती बहुधा तीन वेगळ्या खात्यांत चालतात. गावाकडे जमिनीचा व्यवहार बघितला असेल तर लगेच कळेल. आधी वकील कागदपत्रं तपासतो: ही खरंच मालक आहे का, काही बोजा आहे का. ते झालं क्रेडेन्शियलिंग: डिग्री, लायसन्स, बोर्डाचं सर्टिफिकेट, मालप्रॅक्टिसचा (वैद्यकीय हलगर्जीच्या दाव्यांचा) इतिहास. मग खरेदीखत होतं. तो झाला करार. पण खरेदीखत रजिस्टर झालं, पैसे दिले, पेढे वाटले, तरी तलाठ्याकडे फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत बँक पीककर्ज देत नाही. विमा कंपनीतही तसंच. करारावर सही झाल्यावर कोणीतरी तुमची माहिती क्लेमच्या संगणकात भरावी लागते. त्याला इथे 'लोडिंग' म्हणतात. क्लेम तपासणारा संगणक वकिलाचा अहवाल बघत नाही आणि खरेदीखतही बघत नाही. तो फक्त सातबारा बघतो.

म्हणून डिनायल, म्हणजे नकार, हातात आला की मी आधी तीन तारखा मांडते. पेशंट तपासल्याची तारीख, कंपनीने मान्य केलेली इफेक्टिव्ह डेट (जिच्यापासून पुढच्या तपासण्यांचे पैसे मिळतात ती), आणि संगणकात नाव चढल्याची तारीख. तपासणी इफेक्टिव्ह डेटनंतरची असेल आणि नाव उशिरा चढलं असेल, तर पैसे तुमचेच आहेत, फक्त क्लेम पुन्हा तपासायला लावायचे. तपासणी इफेक्टिव्ह डेटच्या आधीची असेल, तर क्लेमवर कितीही सुंदर अपील लिहा, उपयोग नाही. लढायचं असेल तर ती तारीखच मागे ओढून घ्यायला लढायचं. आणि इफेक्टिव्ह डेटच अजून मिळाली नसेल, तर अपिलाचा विषयच नाही, आधी अर्ज हलवायचा.

हे मी शहाणपणाने शिकले नाही, हात पोळून शिकले. पुण्यातल्या पहिल्या वर्षी मला एका हाडांच्या डॉक्टरांचे बी७ चे क्लेम दिले होते. मी महिन्याभरात चाळीसेक अपिलं लिहिली. लायसन्सची प्रत, बोर्डाचं सर्टिफिकेट, ऑपरेशनच्या नोंदी, सगळं जोडलं. चाळीसच्या चाळीस फेटाळली गेली. आमच्या टीमच्या वरिष्ठ बाईंनी एक फाइल उघडली, पाच मिनिटं बघितली आणि म्हणाल्या, "अगं, डॉक्टर लायक नाहीत असं ते म्हणतच नाहीयेत. ते म्हणताहेत की त्या दिवशी लायक नव्हते." बी७ चं पूर्ण वाक्य वाचलं तर शेवटी 'या सेवेच्या तारखेला' असं आहेच. मी ते शेवटचे शब्द वाचलेच नव्हते.

आता तुमची मेडिकेअरची गोष्ट. तुम्ही लिहिलंय की पेकोसवर (मेडिकेअरच्या नोंदणीच्या संकेतस्थळावर) पहिला अर्ज डिसेंबरात भरला होता, पण मागितलेला एक कागद वेळेत गेला नाही म्हणून तो बाद झाला, आणि २० फेब्रुवारीला नवा भरला. तो एप्रिलमध्ये मंजूर झाला. इथे सगळी गोम आहे. मेडिकेअरमध्ये डॉक्टरची इफेक्टिव्ह डेट म्हणजे, पुढे मंजूर झालेला अर्ज दाखल केल्याची तारीख किंवा त्या जागी काम सुरू केल्याची तारीख, यातली जी नंतरची ती. मंजूर झालेला, हा शब्द महत्त्वाचा. डिसेंबरचा अर्ज मंजूर झालाच नाही, त्यामुळे तो हिशेबात नाही. माहिती मागितल्यावर ३० दिवसांत दिली नाही तर मेडिकेअरचं काम बघणारा ठेकेदार अर्ज बाद करू शकतो, आणि बाद झालेल्या अर्जावर अपिलाचा हक्क नसतो. नाकारलेला अर्ज वेगळा, त्यावर असतो. इंग्रजीत रिजेक्ट आणि डिनाय हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, इथे त्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

तर तुमची तारीख २० फेब्रुवारी. पण नियम ३० दिवस मागे जाऊन बिल करायची मुभा देतो. फेब्रुवारीचे वीस आणि जानेवारीचे दहा दिवस मागे गेलात की २१ जानेवारी. मंजुरीच्या पत्रात तीच तारीख दिसायला हवी, बघून घ्या. वेगळी दिसली तर पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत तारखेविरुद्ध फेरविचाराचा अर्ज करता येतो. हा अर्ज नोंदणीचा, क्लेमचा नव्हे. दोन्हींची दारं वेगळी, मुदती वेगळ्या. क्लेमवरच्या पहिल्या अपिलाला १२० दिवस मिळतात. लोक त्या १२० दिवसांच्या भरवशावर बसतात आणि इकडे ६० निघून जातात.

२१ जानेवारी आणि त्यापुढच्या तारखांचे जे मेडिकेअर क्लेम परत आलेत, त्यांचे पैसे मिळायला हवेत. रेमिटवर (क्लेमचा निकाल सांगणाऱ्या कागदावर) शेरा 'एमए१३०' असेल तर तो क्लेम मुळात तपासलाच गेला नाही असा अर्थ. तो नव्याने पाठवायचा, अपिलाचा प्रश्न नाही. एमए१३० नसेल आणि नुसतं बी७ असेल, तर तो रीतसर नाकारलेला क्लेम आहे. तुमच्या भागाच्या ठेकेदाराला, टेक्साससाठी नोव्हिटासला, फोन करून आधी विचारा की रीओपनिंग (अपिलाशिवाय क्लेम पुन्हा उघडणं) करून देता का. त्यांनी नाही म्हटलं तर १२० दिवसांच्या आत पहिल्या पायरीचं अपील, आणि त्याला जोडायला एकच कागद: मंजुरीचं पत्र, तारखेवर पिवळी रेघ मारून. चार पानी निबंध लिहू नका. नवे क्लेम दाखल करायला मेडिकेअरमध्ये तपासणीपासून एक वर्ष असतं, त्यामुळे या बाजूला तुम्ही अजून सुरक्षित आहात.

६ ते २० जानेवारीमधले क्लेम? ते गेले. मला माहीत आहे की हे ऐकायला कोणाला आवडत नाही. मागच्या वर्षी एका क्लिनिकच्या मालकांनी माझ्याशी अर्धा तास वाद घातला की कुठेतरी एखादी पळवाट असेलच. नाही सापडली. ती रक्कम राइट-ऑफ करा आणि ज्यांचे पैसे मिळणार आहेत त्या क्लेमांवर वेळ घाला.

हे सगळं मूळ मेडिकेअरचं, म्हणजे लाल-पांढऱ्या-निळ्या कार्डाचं झालं. तुमच्या यादीतले काही ज्येष्ठ पेशंट मेडिकेअर ॲडव्हान्टेजवाले असणार. ते कार्ड खासगी कंपनीचं असतं, आणि पेकोसवर मंजुरी मिळाली म्हणून त्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये प्रवेश मिळत नाही. दोघांचे क्लेम एकाच यादीत मिसळू नका.

आता पहिली खासगी कंपनी. त्यांचं पत्र आलंय, करारावर दोघांच्या सह्या आहेत, इफेक्टिव्ह डेट १ एप्रिल. तरी एप्रिलचे क्लेम आउट-ऑफ-नेटवर्क म्हणून आले. हा शंभर टक्के फेरफाराचा घोळ. ग्राहकसेवेच्या नेहमीच्या नंबरवर फोन कराल तर समोरची व्यक्ती तिच्या पडद्यावर जे दिसतं तेच वाचून दाखवेल: "डॉक्टर नेटवर्कमध्ये नाहीत." तिची चूक नाही, तिला सातबाराच दिसतो. तुम्हाला प्रोव्हायडर रिलेशन्स किंवा करार बघणाऱ्या खात्यापर्यंत पोचायचं आहे. तिथे विचारताना मोघम विचारू नका. "माझी पत्नी नेटवर्कमध्ये आहे का" याचं उत्तर 'हो' आलं तरी ते जुन्या ग्रुपच्या नोंदीवरून आलेलं असू शकतं. मी हे अनेकदा बघितलंय. विचारायचं असं: हा वैयक्तिक एनपीआय, या टॅक्स आयडीला, या पत्त्यावर, कोणकोणत्या प्लॅनसाठी जोडला आहे, कोणत्या तारखेपासून, आणि ही नोंद संगणकात कधी चढली? पीपीओ प्रकारच्या प्लॅनमध्ये चढवलं आणि एचएमओ प्रकारच्या प्लॅनमध्ये राहून गेलं, असंही होतं. बोलणाऱ्याचं नाव, तारीख, कॉलचा रेफरन्स नंबर लिहून ठेवा. आणि उत्तर ईमेलवर मागा. फोनवरचं 'हो' हवेत विरतं.

नोंद दुरुस्त झाली की मोह होतो तो सगळे क्लेम धडाधड परत पाठवायचा. तुम्ही प्रोग्रामर, एका बटणावर शंभर क्लेम पाठवू शकता. तसं करू नका. तुमच्या क्लेममध्ये चूक नव्हती, चूक त्यांच्या नोंदीत होती. तोच क्लेम पुन्हा गेला तर १८ नंबरखाली, 'हा आधीच आलेला आहे' म्हणून परत येईल, आणि आता तुमच्याकडे एका क्लेमचे दोन डिनायल असतील. तुम्ही टॅक्स आयडी किंवा टॅक्सोनॉमी कोड (डॉक्टरच्या शाखेचा कोड) बदलणार असाल तरच दुरुस्त क्लेम, तोही २२व्या रकान्यात ७ हा आकडा आणि मूळ क्लेमचा नंबर घालून. काहीच बदलायचं नसेल तर रीप्रोसेसिंग मागायचं. एक एक्सेल शीट करा: क्लेम नंबर, तपासणीची तारीख, रक्कम, डिनायलचा कोड. पेशंटची माहिती गरजेपेक्षा जास्त घालू नका आणि ईमेल एन्क्रिप्टेड असू द्या. वर दोन ओळी: "इफेक्टिव्ह डेट १ एप्रिल, पत्र जोडलं आहे, नोंद अमुक दिवशी दुरुस्त झाली, खालचे क्लेम इन-नेटवर्क दराने पुन्हा तपासावेत." याला त्यांच्या भाषेत क्लेम प्रोजेक्ट म्हणतात. वीस-पंचवीस क्लेमांच्या वर गेलं की ते एकगठ्ठा घेतात. पाठवलेली प्रत जपून ठेवा, कारण तीन आठवड्यांनी तुम्हाला ती पुन्हा पाठवावी लागणार आहे.

१ एप्रिलच्या आधीच्या तपासण्यांसाठी तारीख मागे घ्यायची विनंती करता येते. मिळेल का, ते कंपनीवर, करारातल्या शब्दांवर आणि थोडंफार नशिबावर आहे. अर्ज पूर्ण भरून तुम्ही कधी दिला होता आणि विलंब त्यांच्याकडून झाला हे कागदावर दाखवता आलं, तर माझ्या अनुभवात कधीकधी मिळते. "आम्हाला माहीत नव्हतं" एवढ्यावर मिळालेली मी पाहिली नाही.

दुसरी कंपनी, 'प्रक्रियेत आहे' वाली. सरकारी काम अन् सहा महिने थांब ही म्हण ज्याने केली त्याने अमेरिकेतल्या खासगी विमा कंपन्या पाहिल्या नव्हत्या. तीन-चार महिने हे इथे सर्रास लागतात. पण साडेचार महिने झाले आणि कोणी काही विचारलंही नाही, म्हणजे अर्ज कुठेतरी अडकून पडलाय आणि त्याचं कारण बहुतेक तुमच्याच बाजूला आहे. मी पहिल्यांदा सीएक्यूएच हे डॉक्टरांच्या माहितीचं सामाईक संकेतस्थळ उघडते. बहुतेक कंपन्या डॉक्टरची माहिती तिथून घेतात. तिथे दर १२० दिवसांनी 'माहिती बरोबर आहे' असं पुन्हा सांगावं लागतं. राहून गेलं की सगळं थिजतं, आणि ज्या ईमेलवर आठवण येते तो बऱ्याचदा जुन्या ग्रुपच्या ऑफिसचा असतो! तो आधी बदला. मग बघा, या कंपनीला माहिती बघायची परवानगी दिलीय का. मालप्रॅक्टिसच्या पॉलिसीचा कागद नव्या संस्थेचा आहे का जुन्या ग्रुपचाच चिकटलाय. डब्ल्यू-९ या कराच्या फॉर्मवरचं संस्थेचं नाव आयआरएसच्या (केंद्राच्या करखात्याच्या) पत्राशी अक्षरन् अक्षर जुळतं का. 'पीएलएलसी' आधीचा स्वल्पविरामसुद्धा. एनपीपीईएसवर (एनपीआयच्या सरकारी नोंदवहीत) पत्ता बदललाय का. तो बदल झाल्यापासून ३० दिवसांत करायचा असतो आणि निम्मे लोक करत नाहीत.

यानंतर जे सांगते ते इथल्या इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाही, आपल्या लोकांतच दिसतं. नावाचा घोळ. एमबीबीएसच्या सर्टिफिकेटवर माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव. ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना इथे लागतं ते) त्याच नावाने. मग लग्न, पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. टेक्सास मेडिकल बोर्डाचं लायसन्स त्या नावाने. एनपीआयवर मधलं नाव उडालेलं. आपल्याला ही एकच बाई आहे हे सांगावं लागत नाही, पण विद्यापीठाकडून किंवा ईसीएफएमजीकडून थेट खातरजमा करणाऱ्या कारकुनाला त्या तीन बायका दिसतात. माझ्याकडच्या एका बालरोगतज्ज्ञांचा अर्ज अकरा आठवडे 'पडताळणी बाकी' या शेऱ्यावर बसला होता. कोणी नकार दिला नाही, कोणी फोनही केला नाही. शेवटी मी लग्नाचं प्रमाणपत्र पाठवलं, सीएक्यूएच आणि एनपीपीईएस दोन्हीकडे 'इतर नावं' या रकान्यात सगळी रूपं भरली, आणि दहा दिवसांत अर्ज समितीपुढे गेला. तुमच्या पत्नीच्या जुन्या ग्रुपमध्ये हे काम एखाद्या कर्मचाऱ्याने गुपचूप निस्तरलं असेल, म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही.

तसंच मधल्या रिकाम्या काळाचं. गेल्या पाच वर्षांच्या कामाचा इतिहास मागतात, आणि सहा महिन्यांहून मोठी खिंडार दिसली की खुलासा लागतो. वर्षाहून मोठी असेल तर लेखी. बाळंतपण, आईच्या आजारपणात भारतात राहणं, व्हिसाची वाट बघणं, यात लाजण्यासारखं काही नाही. एक सरळ वाक्य लिहायचं. रिकामा रकाना मात्र फार महाग पडतो.

आता ते ओळखीच्या डॉक्टरांच्या नावाचं. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण क्लेमवर २४-जे मध्ये तपासणाऱ्या डॉक्टरचा एनपीआय लिहिणं म्हणजे 'या व्यक्तीने तपासलं' असं शपथेवर सांगणं आहे. पेशंटच्या नोंदीवर सही तुमच्या पत्नीची आणि क्लेमवर नाव दुसऱ्याचं. मेडिकेअरच्या बाबतीत हा फॉल्स क्लेम्स ॲक्टचा सरळ विषय आहे. तो कायदा १८६३ चा, यादवी युद्धात सैन्याला सडका माल विकणाऱ्या ठेकेदारांसाठी केलेला, आणि आज त्याचा मोठा वापर आरोग्यखर्चात होतो. तिप्पट भरपाई आणि वर प्रत्येक क्लेममागे वेगळा दंड. शंभर क्लेम असतील तर गुणाकार तुम्हीच करा. लोक 'इन्सिडंट-टू' आणि 'क्यू६' या दोन सवलतींचा हवाला देतात. पहिली प्रामुख्याने नर्स प्रॅक्टिशनर किंवा फिजिशियन असिस्टंटसाठी वापरली जाते: डॉक्टरने आधीच आखलेल्या उपचाराचा पुढचा भाग, आणि तो डॉक्टर देखरेखीला हजर. नव्या पेशंटला, नव्या तक्रारीला ती लागत नाही. दुसरी, रजेवर गेलेल्या डॉक्टरच्या जागी काही दिवस आलेल्या बदलीसाठी, सलग ६० दिवसांपर्यंत. तुमच्या पत्नीच्या क्लिनिकमध्ये रजेवर गेलेलं कोण आहे?

टेक्सासपुरत्या दोन गोष्टी. इथल्या कायद्याने क्लेम दाखल करायला तपासणीपासून ९५ दिवस आहेत, करारात जास्त असतील तर ते बघा. २७ जानेवारीच्या तपासणीचे ९५ दिवस २ मे रोजी संपले. म्हणजे 'मंजुरी येऊ दे, मग एकदम पाठवू' असं म्हणून ज्यांचे क्लेम तुम्ही रोखून ठेवलेत, त्यांच्यापैकी जुने आता मंजुरी येऊनही २९ नंबरखाली, मुदत संपली म्हणून पडतील. मी रोखते, पण ८०व्या दिवसापर्यंतच. नंतर पाठवून देते, नाकारला तर नाकारू दे, वेळेत दाखल केल्याची पावती हातात राहते. हा कायदा राज्याच्या अखत्यारीतल्या पॉलिसींना लागतो. कार्डावर 'टीडीआय' किंवा 'डीओआय' (राज्याच्या विमा खात्याची खूण) छापलेलं असतं त्यांना. मोठ्या कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी स्वतःच्या पैशातून चालवलेला प्लॅन असेल तर तिथे केंद्राचा कायदा आणि त्या प्लॅनचे नियम. रिसेप्शनवर कार्डाच्या दोन्ही बाजू स्कॅन करायची सवय लावा.

दुसरी गोष्ट कोणीतरी तुम्हाला अर्धवट सांगेल म्हणून लिहिते: टेक्सास इन्शुरन्स कोडच्या १४५२ व्या प्रकरणात अर्ज चालू असतानाही डॉक्टरला नेटवर्कमधली समजून पैसे द्यायची तरतूद आहे. खरी आहे. पण ज्या ग्रुपमध्ये डॉक्टर रुजू होते, त्या ग्रुपचा कंपनीशी आधीच करार हवा. तुमची संस्थाच नवी, म्हणून आज उपयोग नाही. उद्या तुम्ही दुसरा डॉक्टर घ्याल तेव्हा त्याच दिवशी हा अर्ज टाका.

आणि एक गोष्ट तुम्ही प्रश्नाच्या शेवटी, जाता जाता लिहिलीत, पण मला ती सगळ्यात जास्त टोचली. जानेवारीतल्या दोन मेडिकेअर पेशंटना तुम्ही पूर्ण रकमेचं बिल पाठवलंत आणि एकाने चेकही दिला. रेमिटवर बी७ च्या आधी 'सीओ' आहे. ती दोन अक्षरं म्हणजे हा भार डॉक्टरचा, पेशंटचा नाही. पेशंटकडून घ्यायचं असतं तेव्हा तिथे 'पीआर' असतं. खासगी कंपनीच्या आउट-ऑफ-नेटवर्क क्लेमांत पीआर दिसू शकतं, आणि तिथे कायद्याने मागता येत असलं तरी माझं मत विचाराल तर, फोनवर "हो, आम्ही तुमचा इन्शुरन्स घेतो" असं ज्यांना तुमच्या रिसेप्शनने सांगितलं त्यांच्याकडून जास्तीची रक्कम घेऊ नये. मेडिकेअरच्या त्या दोघांबाबत मात्र मतांचा प्रश्न नाही. एक बिल रद्द करा, दुसऱ्यांचा चेक परत करा, आणि तो पोस्टाने पाठवण्याआधी त्यांना फोन करा. सत्तरीतल्या माणसाला डॉक्टरांकडून अचानक आलेला चेक बघून नवी फसवणूक वाटते.